घरी सगळं येतं, फोनवर काहीच आठवत नाही

सांगली जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. नाव छापू नका, असं त्यांनी कळवलंय. पत्र थोडक्यात असं:

‘मी तालुक्याच्या गावी पतसंस्थेत लिपिक आहे. वय ३९. टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत चार पर्याय दिसले की माझं उत्तर तयार असतं. गेल्या वर्षी हिंदीतल्या ‘कौन बनेगा करोडपती’साठी नोंदणी केली आणि निवडीचा फोनही आला. तीन प्रश्न विचारले, दोनांना पर्यायच नव्हते. एकच बरोबर आला. बाकीच्या दोनांची उत्तरं फोन ठेवल्यावर अर्ध्या मिनिटात आठवली. घरात सामान्यज्ञानाची पाच जाडजूड पुस्तकं आहेत, दोनदा वाचून झालीत. नवरा म्हणतो, हा नशिबाचा खेळ आहे, सोडून दे. मी रोज दीड तास काढू शकते. पुढच्या नोंदणीपर्यंत नेमकं काय करू? हॉट सीटवर पोचलेच तर कुठं थांबायचं ते कसं ठरवायचं? मदतीच्या फोनसाठी मोठ्या भावाचं नाव द्यायचं ठरवलंय. तो सरकारी अधिकारी आहे.’

ताई,

तुमच्या यजमानांचं म्हणणं अर्धं खरं आहे. नोंदणीच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर असंख्य लोक देतात आणि त्यांतून कुणाला फोन जाणार हे आपल्या हातात नसतं. फोन आल्यानंतर मात्र नशिबाचा वाटा झपाट्यानं कमी होतो. तुम्हाला फोन आला होता. म्हणजे अडलं ते नशिबापाशी अडलं नाही, आणि जिथं अडलं ते दुरुस्त करता येतं.

तुम्हाला उत्तरं ओळखता येतात, आठवता येत नाहीत. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुम्ही आजवर फक्त पहिलीचा सराव केलाय. ‘स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक कुणी मिळवून दिलं?’ या प्रश्नाखाली खाशाबा जाधवांचं नाव दिसलं की बोट तिथंच जातं. पण ‘खाशाबांनी ते पदक कोणत्या शहरात मिळवलं?’ असं पर्यायाशिवाय विचारलं, तर हेलसिंकी हे नाव डोक्यातून ओढून काढावं लागतं. पुस्तक दोनदा वाचल्यानं पान ओळखीचं होतं. ओळखीचं वाटणं आणि येणं यांत आपली फसगत होते. तिसऱ्यांदा वाचू नका, त्यातून काही निघणार नाही.

ती पाच पुस्तकं एकदा तपासा मात्र. महाराष्ट्राचे जिल्हे ३५ दिले असतील तर मजकूर १ ऑगस्ट २०१४च्या आधीचा आहे, कारण त्या दिवशी पालघर ३६वा जिल्हा झाला. अभिजात भाषा सहाच असतील तर तो ३ ऑक्टोबर २०२४च्या आधीचा आहे. त्या दिवशी मराठी, पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली या पाच भाषा यादीत आल्या आणि एकूण ११ झाल्या. अशा पुस्तकातला इतिहास, पुराणं, विज्ञान चालेल. ‘सर्वांत मोठा’, ‘सध्याचा’, ‘एकूण किती’ असली पानं सरळ फाडून ठेवा. जुनं उत्तर ठामपणे पाठ असणं हे काहीच माहीत नसण्यापेक्षा वाईट, कारण तिथं तुम्ही लाईफलाईन, म्हणजे अडल्यावर मिळणारी मदत, वापरायचा विचारसुद्धा करणार नाही.

वहीत तीन खुणा

कामाला सुरुवात एका दोनशे पानी वहीपासून करा. रोज २० प्रश्न पर्याय झाकून सोडवायचे. उत्तर लिहायचं आणि ते तपासण्याआधी शेजारी खूण करायची: ‘प’ म्हणजे पक्कं, ‘ब’ म्हणजे बहुतेक, ‘अं’ म्हणजे अंदाज. खूण आधी, तपासणी नंतर. हा क्रम मोडला तर सगळा खटाटोप वाया, कारण उत्तर बघितल्यावर प्रत्येकाला वाटतं, ‘हे तर मला येतच होतं.’

दहा दिवसांनी दोनशे प्रश्न होतील. मग तिन्ही खुणांचा वेगवेगळा हिशेब करा. ‘प’ लिहिलेल्या शंभरांतली ९५ तरी बरोबर यायला हवीत. ‘ब’ची ६० ते ७५ आली तर उत्तम. ‘अं’ची याहून बरीच कमी येतील, कारण इथं चार पर्यायांचा आधारही नाही. बहुतेकांची गडबड ‘प’ मध्ये निघते. पक्की म्हटलेली उत्तरं शंभरांत ८० भरतात, आणि हॉट सीटवरून लोक घरी जातात ते याच २० प्रश्नांमुळे. जे येतच नाही तिथं माणूस सावध असतो. तुमचा ‘प’ ९०च्या खाली असेल तर महिनाभर एकच नियम पाळा: उत्तराला दुसऱ्या बाजूचा पुरावा जोडता आला तरच ‘प’. जसं, ‘कुसुमाग्रजांना ज्ञानपीठ १९८७चं’ इतकंच येत असेल तर ‘ब’. ‘खांडेकर १९७४, कुसुमाग्रज १९८७, विंदा २००३, नेमाडे २०१४’ अशी पूर्ण साखळी येत असेल तर ‘प’.

ही वही पुढं पैशांच्या शिडीवर उपयोगी पडणार आहे, म्हणून ती टाळू नका.

एक किल्ला, सहा कार्डं

आठवण्याच्या सरावाला कार्डांइतकं चांगलं साधन नाही. पोस्टकार्डाच्या आकाराचा जाड कागद अर्धा कापा. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. एका कार्डावर एकच गोष्ट. लोक एका कार्डावर पाच ओळी कोंबतात, मग त्यांतल्या तीन आठवल्या की ‘आलं’ म्हणून पुढं जातात आणि उरलेल्या दोन कधीच पक्क्या होत नाहीत.

उदाहरण घ्या. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. बातमी सगळ्यांनी वाचली. प्रश्न काढणारा मात्र तिच्या कडेकपारी शोधतो. म्हणून कार्डं अशी व्हायला हवीत. एक, किल्ले किती? १२. दोन, महाराष्ट्राबाहेरचा कोणता? जिंजी, तमिळनाडूतला. तीन, बेटांवरचे कोणते? खांदेरी, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग. चौथं कार्ड फसवं: विजयदुर्ग त्यांत का नाही? तो किनाऱ्यावरचा किल्ला म्हणून नोंदला आहे. पाचवं: सिंहगड आणि तोरणा यादीत आहेत का? नाहीत. हे पाचवं कार्ड सगळ्यांत मोलाचं, कारण ‘यांपैकी कोणता किल्ला यादीत नाही?’ या प्रश्नाला मराठी माणूस सिंहगडावर बोट ठेवायला धजत नाही. सहावं: जिंजीच का? राजाराम महाराज १६८९ मध्ये तिथं गेले आणि १६९८ मध्ये किल्ला मोगलांच्या हाती पडेपर्यंत मराठ्यांचा कारभार तिथून चालला. ‘का’चं कार्ड केलं की बाकीची पाच त्याला धरून राहतात.

रोज अशी दहा नवी कार्डं पुरेत. तीस केलीत तर पंधराव्या दिवशी उजळणीचाच डोंगर होईल आणि खोकं माळ्यावर जाईल. मिठाईच्या किंवा चपलांच्या रिकाम्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे करा. ही रीत जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी १९७०च्या दशकात रूढ केली. पहिला कप्पा रोज बघायचा, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्यानं, चौथा पंधरवड्यानं, पाचवा महिन्यानं. बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. चौथ्या कप्प्यातून पहिल्यात येताना जिवावर येतं, पण तिथं मन घट्ट करा. आणि उत्तर मोठ्यानं उच्चारूनच कार्ड उलटायचं. मनातल्या मनात ‘येतंय, येतंय’ म्हणून उलटलेलं कार्ड म्हणजे पुन्हा तेच ओळखणं.

तुमच्या दीड तासाची वाटणी अशी करता येईल: वीस प्रश्नांची वही २५ मिनिटं, खोक्याची उजळणी २० मिनिटं, पेपर वाचून आणि पुस्तक चाळून नवी कार्डं करणं ३० मिनिटं, आणि शेवटची १५ मिनिटं तोंडी सराव. हा तोंडी सराव पाठ न टेकता खुर्चीत बसून करायचा. घरातल्या कुणीतरी प्रश्न एकदाच वाचायचा, मोबाईलवर ४५ सेकंद लावायचे आणि तुम्ही आवाज चढवून पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचं. फोनवर तुमची उत्तरं अडली ती या पंधरा मिनिटांच्या सवयीअभावी. आठवड्यातून दोनदा हाच सराव खरोखरच्या फोनवरून करा, शेजारच्या खोलीतून केला तरी चालेल. समोर माणूस दिसत नसताना प्रश्न नुसत्या कानांनी पकडणं हे वेगळंच काम आहे. कागद-पेन जवळ ठेवा आणि प्रश्नातला कळीचा शब्द ऐकता ऐकता लिहा. ‘नाही’, ‘सर्वांत आधी’, ‘एकमेव’, ‘स्वतंत्र भारताचा’ या शब्दांनी भल्याभल्यांना पाडलंय. भारताच्या नावावरची पहिली पदकं १९०० सालची, नॉर्मन प्रिचर्डची. प्रश्नात ‘स्वतंत्र’ हा एक शब्द नसला की खाशाबा चूक ठरतात.

काय वाचावं

हिंदी कार्यक्रमात रामायण-महाभारताचे प्रश्न हमखास असतात आणि तिथं वरवरची माहिती पुरत नाही. अज्ञातवासातली नावं (कंक, बल्लव, बृहन्नडा, ग्रंथिक, तंतिपाल, सैरंध्री), गीतेच्या पहिल्या अध्यायातले शंख (पांचजन्य, देवदत्त, पौंड्र, अनंतविजय, सुघोष, मणिपुष्पक) हे कोष्टक करून कार्डांवर घ्या. राज्यघटना, पुरस्कार आणि त्यांची वर्षं, नद्या-धरणं-अभयारण्यं, खेळ, चित्रपट हे नेहमीचे प्रांत. विज्ञान बहुधा शाळेतलं असतं. सहावी ते दहावीची पाठ्यपुस्तकं त्याला पुरतात, वेगळा खर्च नको.

एक गोष्ट मराठी माणसाला खास जपावी लागते: हिंदी शब्द. प्रश्न सोपा असतो, शब्द फसवतो. ‘लोमड़ी’ ऐकलं की आपण ‘कोल्हा’ म्हणतो, पण कोल्हा म्हणजे ‘सियार’. ‘लोमड़ी’ आपल्याकडची खोकड. ‘लकड़बग्घा’ तरस, ‘तेंदुआ’ बिबट्या. ‘शरीफा’ म्हणजे सीताफळ, आणि दिल्लीकडे ‘सीताफल’ म्हणून चक्क भोपळा मिळतो. ‘अजवाइन’ ओवा, ‘सोआ’ शेपू, ‘जावित्री’ जायपत्री, ‘अरबी’ अळकुड्या. ‘यातायात’ म्हणजे वाहतूक, आपल्या मराठीतली यातायात नव्हे. प्राणी, पक्षी, भाज्या, मसाले, नाती आणि सरकारी पदं या सहा गटांची शंभरेक कार्डं करा. घटनेतले शब्द तर फारच काळजीचे. २००० साली हर्षवर्धन नवाथे पहिले करोडपती झाले ते अशाच प्रश्नावर: संसदेच्या कामकाजात भाग घ्यायला घटना यांपैकी कुणाला परवानगी देते? उत्तर होतं भारताचे महान्यायवादी. अनुच्छेद ७६ नुसार नेमणूक आणि अनुच्छेद ८८ नुसार सभागृहात बोलायचा हक्क, मत मात्र नाही. राज्याच्या महाधिवक्त्याचा अनुच्छेद १६५. ही दोन पदं ज्याच्या डोक्यात एकमेकांत मिसळली असतील, त्याला तिथं काहीच करता आलं नसतं.

फोनचा टप्पा पार झाला की लेखी चाचणी आणि मुलाखत असते. मुलाखतीत ‘मला वाचनाची आवड आहे, मी जिद्दी आहे’ हे सगळेच सांगतात. तुम्ही तुमच्या टेबलावरची गोष्ट सांगा. ३१ मार्चला खतावणीत काही रुपयांचा फरक राहिला की रात्री किती वाजेपर्यंत बसावं लागतं, तो फरक शेवटी कुठं सापडतो, पिग्मी भरणाऱ्या भाजीवाल्या बाईंना कोणत्या सणाआधी पैसे लागतात. खरी आणि बारीक माहिती ऐकणाऱ्याच्या लक्षात राहते. जिंकलेल्या रकमेचं काय करणार, या प्रश्नालाही आकड्यात उत्तर द्या. आणि रचून काही सांगू नका. पुढं कॅमेऱ्यासमोर तेच पुन्हा विचारलं जातं.

सर्वांत जलद बोट

हॉट सीटवर कोण बसणार हे ठरवणाऱ्या या फेरीचं स्वरूप पर्वागणिक बदलतं. कधी चार गोष्टी क्रमानं लावायच्या असतात, तर कधी साधा एकच पर्याय दाबायचा असतो. क्रमाच्या प्रश्नात चार गोष्टींच्या २४ मांडण्या होतात. पहिली नक्की केली की सहा उरतात. पहिली आणि शेवटची दोन्ही नक्की केल्या की दोनच. म्हणून सुरुवात नेहमी टोकांपासून करायची. नर्मदा, कृष्णा, तापी, गोदावरी या नद्या उत्तरेकडून दक्षिणेकडे लावायच्या असतील, तर नर्मदा वर, कृष्णा खाली हे क्षणात ठरतं. मधल्या दोघींचा विचार पहिलं बटण दाबता दाबता होतो. कौरवांचे सेनापतीही असेच: भीष्म दहा दिवस, द्रोण पाच, कर्ण दोन, शल्य एक. बेरीज १८, म्हणजे क्रमाची खात्रीही तिथंच होते.

इथं चुकलेलं उत्तर आणि न दिलेलं उत्तर यांत काडीचा फरक नसतो. काहीच येत नसलं तरी काहीतरी दाबा. दुसरी चूक घाईची: बोट ‘ब’ वर पडायच्या ऐवजी ‘ड’ वर पडतं. मोबाईलवर चार मोठ्या चौकोनांचं चित्र उघडून त्यावर रोज दहा वेळा क्रम दाबून बघा. नजर प्रश्नावर आणि बोट सरावानं, इतकं जमायला हवं.

कुठं थांबायचं

तुमच्या पत्रातला हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न, आणि बहुतेक लोक याचा विचार खुर्चीत बसल्यावर करतात. बक्षिसांची शिडी पर्वागणिक बदलते. इथं २०२० आणि २०२१च्या पर्वांतली घेऊ: १०,००० चा पाचवा प्रश्न हा पहिला पडाव (म्हणजे पुढं चुकलात तरी तेवढी रक्कम राहते), ३,२०,००० चा दहावा प्रश्न हा दुसरा, त्यापुढं ६,४०,०००, १२,५०,०००, २५ लाख, ५० लाख, १ कोटी, ७ कोटी.

हिशेबाची रीत एकच. हातात असलेल्या रकमेतून ‘चुकलो तर उरेल ती’ रक्कम वजा करा. ‘बरोबर आलो तर मिळेल’ त्यातूनही तीच रक्कम वजा करा. पहिल्याला दुसऱ्यानं भागा. जे येईल तितकी तरी खात्री हवी. हातात ६,४०,००० आहेत आणि प्रश्न १२,५०,००० चा आहे. चुकलात तर ३,२०,०००. म्हणजे ३,२०,००० भागिले ९,३०,०००, साधारण ३४ टक्के. २५ लाखांच्या प्रश्नाला ४३ टक्के, ५० लाखांच्या प्रश्नाला ४७, एक कोटीच्या प्रश्नाला ४८. आता वही काढा. ‘ब’ची तुमची ६५ येत असतील तर आकड्यांच्या हिशेबानं ‘ब’ वर खेळायला हरकत नाही, ‘अं’ वर थांबायचं.

पण पैशाची किंमत सरळ रेषेत वाढत नाही. पंचवीस लाखांत घराचं कर्ज फिटणार असेल, तर त्यापुढच्या पंचवीस लाखांची तुम्हाला तितकी गरज नाही. म्हणून निघण्याआधी घरी बसून एक आकडा ठरवा: या रकमेनंतर ‘प’ शिवाय खेळायचं नाही. तो कागदावर लिहून सोबत येणाऱ्या माणसाकडे द्या. दिव्यांच्या झोतात आणि टाळ्यांत ठरवलेला आकडा आपला नसतो.

दोन ठिकाणं मात्र अशी आहेत, जिथं न खेळणं ही निव्वळ चूक. पडाव ओलांडल्यानंतरचा लगेचचा प्रश्न, म्हणजे सहावा आणि अकरावा. हातात ३,२०,००० आणि चुकलात तरी ३,२०,०००. गमावण्यासारखं काहीच नाही, तरी लोक घाबरून ‘क्विट’ म्हणतात. तिथं काहीही येत नसलं तरी एक पर्याय निवडायचाच. याच्या उलट दहावा प्रश्न. हातात १,६०,०००, चुकलात तर थेट १०,०००. इथं ४८ टक्के खात्री लागते, म्हणजे एक कोटीच्या प्रश्नाइतकीच. म्हणून एक चांगली लाईफलाईन दहाव्यापर्यंत राखून ठेवा.

लाईफलाईनही पर्वागणिक बदलतात. प्रेक्षकांचं मत रोजच्या जगण्यातल्या प्रश्नांना खरं ठरतं: गाणी, खेळ, सण, बातम्या. म्हणून ते चौथ्या ते नवव्या प्रश्नाच्या दरम्यान वापरा. टक्केवारीपेक्षा पहिल्या दोघांतलं अंतर बघा. ७० आणि १५ असेल तर विश्वास ठेवा. ३६, ३०, २०, १४ असेल तर प्रेक्षकही तुमच्यासारखेच चाचपडताहेत. बाराव्या-तेराव्या प्रश्नाला प्रेक्षकांकडे जाऊन फारसं हाती लागत नाही.

फिफ्टी-फिफ्टी म्हणजे दोन चुकीचे पर्याय काढून टाकणारी लाईफलाईन. तिच्याबद्दल एक गैरसमज आहे: ‘माझे दोन पर्यायच नेमके उरतील, मग काय उपयोग?’ उत्तर तुमच्या दोघांतलंच आहे आणि चुकीचे पर्याय कोणताही कल न ठेवता काढले जातात असं धरलं, तर तुमचा दुसरा पर्याय उरण्याची शक्यता तिनांत एक. तीन वेळांपैकी दोन वेळा गोंधळ तिथंच मिटतो. चारही पर्याय अनोळखी असताना मात्र फिफ्टी-फिफ्टीनं फक्त नाणेफेक हाती येते.

पहिल्या पाच प्रश्नांत लाईफलाईन वापरायची लाज बाळगू नका. पाचव्यापर्यंत कुठंही चुकलात तर हाती शून्य. उत्तर सांगतानाही जपा: आधी पर्यायाचं नाव, मग अक्षर, आणि लॉक करण्याआधी पडद्यावर दोन्ही जुळतात का ते एकदा बघा.

हाती किती येतात

अशा बक्षिसावर सपाट ३० टक्के कर लागतो, वर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. ६,४०,००० वर १,९९,६८० जातात, हाती ४,४०,३२०. १२,५०,००० वर ३,९०,००० जातात, हाती ८,६०,०००. उत्पन्न ५० लाखांच्या वर गेलं की अधिभारही लागतो. मूळ ३० टक्के देण्याआधीच कापले जातात, उपकर विवरणपत्र भरताना भरायचा असतो, तेवढी रक्कम बाजूला ठेवा. पगार करमुक्त मर्यादेत असला तरी बक्षिसावर ती सूट मिळत नाही, गुंतवणुकीच्या वजावटीही चालत नाहीत. कुटुंबात कुणाला काही कबूल करायचं असेल तर या कापलेल्या आकड्यावरून करा.

आणि हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: ‘तुमच्या नंबरला २५ लाखांची लॉटरी लागली, आधी प्रक्रिया शुल्क भरा’ असे या कार्यक्रमाच्या नावानं येणारे व्हॉट्सॲप संदेश शंभर टक्के खोटे असतात. नोंदणी केलेल्या माणसाला ते खरे वाटतात, हाच त्यांचा धंदा. निवडीसाठी कुणालाही एक रुपया द्यायचा नाही, ओटीपी सांगायचा नाही. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

भावाचं नाव

मदतीच्या फोनसाठी माणूस नात्यानं किंवा हुद्द्यानं निवडू नका. तुमचे भाऊ हुशार असतीलच, पण त्यांना जे येतं तेच तुम्हालाही येत असेल, तर त्या फोनचा फायदा नाही. तुमच्या वहीत कोणत्या विषयांना सर्वाधिक ‘अं’ आहेत ते बघा. क्रिकेट आणि चित्रपट असतील तर त्यांतला किडा असलेला भाचा किंवा संस्थेतला शिपाई भावापेक्षा जास्त कामाचा. ज्यांची नावं द्याल ती माणसं वेगवेगळ्या विषयांतली असू द्या.

मग त्यांच्यासोबत दर रविवारी पाच फोन. अर्ध्या मिनिटाचं घड्याळ लावून. ‘हॅलो, कसे आहात’ मध्ये पाच सेकंद जातात, ते बंद. तुम्ही थेट प्रश्न वाचायचा, जास्तीत जास्त बारा सेकंदांत, मग चार पर्याय सहा सेकंदांत. उरतात बारा. समोरच्यानं प्रश्न पुन्हा विचारायचा नाही. आधी उत्तर सांगायचं, मग तुमच्याच वहीतली खूण: ‘गोदावरी, ब’. त्याच्या ‘प’ची शंभरांत किती येतात हेही महिनाभरात तुमच्याकडे लिहिलेलं असेल. कुणाच्या ‘प’ वर लॉक करायचं आणि कुणाच्या ‘प’ नंतरही फिफ्टी-फिफ्टी घ्यायची, हे तिथूनच कळेल. भावाची संख्या ९०च्या वर आली तर त्यांचंच नाव द्या.